चौदा नंबरचा काठ

"आर अकरा. जाडी पाचशे," ती म्हणाली.

मी पडद्यावर बघून म्हटलं, "पाचशे."

"माथा उणे बाराशे."

"उणे बाराशे."

"काठ. एकशे एक्याण्णव ते दोनशे चार."

"एकशे एक्याण्णव ते दोनशे चार."

तिनं कागदावर लाल पेन्सिलीनं टिक केलीन. मग म्हणाली, "वायच साटं बघून येते. ऊन फिरलं."

मे महिन्यातली दुपार होती, साडेतीन वाजले असतील. अंगणात आंब्याच्या साटाची, म्हणजे आंबापोळीची, अकरा ताटं वाळत होती. ती उठली, दाराच्या चौकटीला हात लावून थोडी थांबली आणि बाहेर गेली. आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं हे शेवटचं काम. अंगणात ती ताटांच्या मध्ये बसलेली सापडली मला. पडलेली नाही, बसलेली. तोंड वाकडं झालेलं. उचलून घरात आणली, दिवेलागणीच्या आत संपलं सगळं.

ह्या अंकाच्या संपादक बाईंनी मला सांगितलं, काका, तुमच्या कामाबद्दल लिहा, लोकांना कळू दे इमारतीच्या खाली काय असतं. मी सातवी शिकलेला माणूस. मला गोड लिहिता येत नाही. जे घडलं ते लिहितो. आणि आधीच एक सांगून टाकतो, नाहीतर पुढे जीभ वळायची नाही. अकरा नंबर वाचायच्या आधी ती मला म्हणाली होती, "अहो, हात जड झालाय." मी काय म्हणालो? "पेन्सिल धरून हात जड होतो काय? चार तर राहिलेत. वाच."

तिनं वाचलं. तो अकरावा तिनं माझ्यासाठी वाचला.

आता कामाचं सांगतो.

आमच्या रत्नागिरीत पाया म्हणजे तसं सोपं काम. वर जांभा, खाली कातळ. पहार मारली की ठणकते. माझ्या आज्यानं घर बांधलंन तेव्हा दोन हात खणलंन आणि चिरे बसवलेन. पण खाडीकडे, जिथं भराव टाकून जमीन केलेली आहे, तिथं पहार ठणकत नाही, बुडते. तिथं एकेका खांबाला वेगळा पाया देऊन चालत नाही. एक खांब बसला आणि शेजारचा नाही बसला तर इमारत चिरते. म्हणून आख्ख्या इमारतीखाली एकच एक जाड लादी टाकायची. तिला राफ्ट म्हणतात. भार सगळ्या जमिनीवर पसरतो.

ही लादी सगळीकडे सारखी नसते. जिथं भारी खांब आहे किंवा लिफ्टचा खड्डा आहे, तिथं जाड. बाकी ठिकाणी पातळ. सगळीकडे जाड केली तर मालक मरतो. सगळीकडे पातळ केली तर खांब तिच्यातून खाली घुसतो, तांदळाच्या उकडीत बोट घुसतं तसा.

हे सगळं हल्ली मशीनवर करतात. मशीन म्हणजे कॉम्प्युटर. माझं काम तेच. लादीचे तुकडे पाडायचे, प्रत्येकाला आर एक, आर दोन असा नंबर द्यायचा, जाडी मिलिमीटरमध्ये लिहायची, माथा जमिनीच्या किती खाली ते लिहायचं, खांबांचे भार टाकायचे, खाली माती किती दबते ते सांगायचं. मग मशीन प्रत्येक तुकड्याची जाळी करतं, बारीक चौकोनांची. चौकोनांच्या कोपऱ्यांना मी गाठी म्हणतो. गाठींवर हिशेब होतो आणि कुठं किती सळई लागेल ते कळतं. सळई ठरवायची इंजिनियर साहेबांनी, सही पण त्यांची. मॉडेल माझं.

मला कोणी विचारतं, सातवीचा माणूस हे शिकला कसा? मी आधी सळ्या वाकवायचो. बारा वर्षं साइटवर. मग गुडघा गेला आणि मोठ्या साहेबांनी मला ऑफिसात नकाशांचे प्रिंट काढायला बसवलंन. प्रिंट काढता काढता नकाशे वाचायला लागलो, मग काढायला लागलो. मशीन आलं तेव्हा मी पन्नाशीला टेकलो होतो. इंग्रजी मला बटणापुरतं येतं. पण सळई कुठं ताणली जाते आणि कुठं दबते हे मला हातानं माहीत आहे, ते शाळेत शिकवत नाहीत. मोठे साहेब गेले, धाकटे साहेब आले. त्यांनी मला घरी मशीन दिलंन. एकाहत्तराव्या वर्षीसुद्धा मी काम करतो त्याचं कारण पोटापाण्याचं नाही. भीतीचं आहे. काम सोडलं तर फक्त भीती उरेल.

कसली भीती, तर ऐका.

भाट्याला जायच्या वाटेवर एक तीन मजली इमारत आहे. कुठली ते सांगणार नाही. तिच्या पायात मी सळ्या बांधल्यात, तेविसाव्या वर्षी. लादीत सळईच्या दोन जाळ्या असतात, एक खाली, एक वर. वरची जाळी खाली बसू नये म्हणून मध्ये सळईच्याच घोड्या उभ्या करतात. त्या दिवशी घोड्या कमी पडल्या. मुकादम म्हणाला, चालतंय रे, ओता. आम्ही ओतलं. जाळीवरून माणसं चालली आणि माझ्या डोळ्यांसमोर वरची जाळी खाली बसली. वरून काँक्रीट आलं आणि सगळं गुळगुळीत झालं. कोणाला काय दिसतंय?

ती इमारत उभी आहे. खाली दुकानं आहेत, वर माणसं राहतात, कपडे वाळत घालतात. मी त्या रस्त्यानं जात नाही. भाट्याला जायचं तर लांबून वळसा घालतो. माझ्या बायकोला, सुलोचनाला, लग्नानंतर सहा वर्षांनी हे सांगितलं, कारण ती रोज विचारायची, एवढ्या लांबून का जायचं? तिनं ऐकून घेतलंन. म्हणाली, "मग आता आपण लांबूनच जाऊ." पुन्हा कधी विषय काढलान नाही.

साइटवर चूक झाली तर निदान एखादा ओरडतो. मशीन ओरडत नाही. मशीनला जाडी दिसत नाही, त्याला लादी म्हणजे कागद. कागदाच्या एका तुकड्यावर लिहिलेलं पाचशे, दुसऱ्यावर नऊशे. मशीन दोघांच्या पोटातून एकच रेघ धरतं. खरं तर लादीचा माथा सपाट असतो आणि जाड तुकडा खाली उतरलेला असतो. ते आपण सांगायचं. नाही सांगितलंत तर ते गप्प बसतं आणि रंगीत चित्र काढून देतं. चित्र इतकं देखणं असतं की शहाणा माणूस फसतो.

गिऱ्हाइकं तर त्याहून वरताण. एक बागायतदार होते, कलमांची मोठी बाग. खाडीकाठी पेट्या ठेवायला दोन मजली गोडाऊन बांधायचं होतं. माझ्या खुर्चीमागं उभे राहून म्हणाले, "दत्तारामशेठ, ह्या मधल्या तुकड्याची जाडी वायच कमी करा की."

म्हटलं, "केली तर खाली लाल रंग येईल, म्हणजे धोका."

"मग लाल रंगच कमी करा."

मी म्हटलं, "शेठ, कच्च्या आंब्याला पिवळा रंग दिलात तर तो पिकतो काय?"

ते निघून गेले. पण दुसऱ्या दिवशी मुलाला पाठवलंन, बघून ये म्हणून, म्हातारा जाडी मुद्दाम वाढवून ठेवतोय काय. मी हसलो. सुलोचना मात्र हसली नाही. म्हणाली, "त्याला संशय आहे ना, मग बरं आहे. ज्याला संशय नाही त्याची भीती वाटते मला."

ती मॅट्रिक होती, सावर्ड्याकडची. पंचवीस वर्षं बालवाडीत शिकवलं. आवाज खणखणीत. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हापासून ती कागदावरचे आकडे वाचायची आणि मी पडद्यावर बघून तोच आकडा परत बोलायचो. जुळला की टिक. सगळ्या टिका झाल्याशिवाय कागद घराबाहेर जाणार नाही, हा तिचा नियम. साहेबांना सुद्धा माहीत होतं. "काकूंची टिक झाली काय?" असं ते फोनवर विचारायचे.

काठ वाचायची पद्धत मात्र एका घाबरगुंडीतून आली. जयगडकडे एक मोठी शेड होती, तिच्यासाठी जाड-पातळ राफ्ट. सगळं टाकून झालं, मशीननं चित्र दिलं, मी खूश. ती चहा घेऊन आली. चित्राकडे बघून म्हणाली, "हे फाटलंय हो."

"काय फाटलंय? रंग आहे तो."

"रंग असा कापल्यासारखा का तुटलाय इथं? साट असंच फाटतं. ताटात एकीकडे रस जाड पडला आणि एकीकडे पातळ, की पातळ आधी वाळतं नि ओढतं. मग जिथं जाड-पातळ मिळतं, बरोबर त्या रेघेवर सुटतं."

मी म्हटलं, "अगो, हे काँक्रीट आहे, आंब्याचा रस नाही."

"नाय तर नाय. वायच बघा तर."

नाइलाजानं बघितलं. जाड तुकड्याची जाळी एका मापाची होती, पातळ तुकड्याची दुसऱ्या मापाची. काठावरच्या गाठी एकमेकांवर बसल्याच नव्हत्या. पडद्यावर रेघ एकच दिसत होती, पण मशीनच्या लेखी ते दोन तुकडे फक्त दोन कोपऱ्यांत चिकटलेले होते, बाकी मोकळे. मोकळ्या काठाला वाक येत नाही, म्हणून मशीन म्हणत होतं इथं सळई नको. आणि जमिनीत तर ती लादी एकसंध. खरा वाक तिथंच येणार. सळई नसली की तडा. तो सुद्धा जमिनीखाली, कोणाला न दिसता.

चहा तसाच ठेवून मी सगळे आकडे पुन्हा तपासले. भारांची बेरीज बरोबर येत होती, मातीवरचा दाब बरोबर येत होता. साहेबांनी बघितलं असतं तरी बाकी सगळं बरोबरच दिसलं असतं. नव्या प्रोग्रामात हे काठ आपोआप जोडायची सोय असते म्हणतात. आमच्याकडचा जुना. त्याला हातानं जोडावं लागतं.

त्या दिवसापासून ती जाडी आणि माथा वाचून झाल्यावर "काठ" म्हणायची आणि काठावरच्या, कोपरे सोडून मधल्या, गाठींचे नंबर वाचायची. मी पडद्यावर शेजारच्या तुकड्याच्या काठाचे नंबर बोलायचो. दोन्ही एकच असले तर काठ जोडलेला. साहेब म्हणाले, ही तपासणी कुठल्या पुस्तकात आहे? मी म्हटलं, ताटात.

आता त्या शेवटच्या कामाकडे येतो.

खाडीलगत सात मजली इमारत. आधी लादीचे तेराच तुकडे होते. खणताना मागच्या बाजूला काळा चिखल लागला, म्हणून साहेबांनी लिफ्टच्या मागचा एक लांब पट्टा पाचशेचा नऊशे करायचं ठरवलं. तो पट्टा वेगळा काढून मी त्याला चौदा नंबर दिला. त्या आठवड्यात सुलोचना सावर्ड्याला होती, आमच्या मुलीकडे, मंगलकडे. साहेबांना घाई, पाऊस तोंडावर. खड्ड्यात पाणी भरलं की चार महिने गेले. ते म्हणाले, "काका, पाठवा फाइल."

मी पाठवली. टिकांशिवाय.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचा नियम मोडला, आणि मनाला समजावलं की एक पट्टा तर आहे. त्यावरून ऑफिसात सळई ठरली, साइटवर बांधून सुद्धा झाली. ती परत आल्यावर मी सांगितलं तशी ती कागद घेऊनच बसली. "उद्या सकाळी ओतणार ना? मग आज वाचायचं. टिक नाय तर मला झोप नाय." म्हणून त्या दुपारी आम्ही बसलो होतो. म्हणून मला घाई होती. म्हणून मी म्हटलं, वाच.

मंगल नि जावई सावर्ड्याहून धावत आले. आम्हाला मुलगा नाही, त्याच रात्री अग्नी मी दिला. स्मशानात साहेब आले होते. माझा हात धरून म्हणाले, "काका, उद्याचं मी बघतो. तुम्ही काही मनात आणू नका." मी मान हलवली. खरं सांगतो, तेव्हा माझ्या मनात राफ्ट नव्हता, काहीच नव्हतं.

सकाळी फटफटलं तेव्हा मी भिंतीला टेकून बसलो होतो. ती गेली त्या जागी समई लावलेली. माझी मोठी बहीण, अक्का, वातीवर नजर ठेवून बसलेली. टेबलावर तो कागद तसाच होता. नजर गेली. एक ते अकरा, लाल टिका. बारा, तेरा, चौदा कोरे.

मी उठलो आणि मशीन लावलं.

अक्का ओरडली, "मेल्या दत्तू! बायको काल गेली नि तू मशीन लावतोस? लोक काय म्हणतील? अग्नी दिलेल्या माणसानं दिव्यापासून हलायचं नाय!"

"हलत नाय. इथंच बसलोय."

"वेड लागलाय ह्याला. मंगल, बघ गो बापाकडे!"

मंगल आली, दाराशी उभी राहिली. मी कागद मांडीवर घेतला आणि मीच मोठ्यानं वाचायला लागलो. वाचायचं पण मीच नि उत्तर पण मीच. बारा, जाडी पाचशे, माथा उणे बाराशे, काठ बरोबर. तेरा, बरोबर. चौदा, जाडी नऊशे. माथा उणे बाराशे. काठ. दोनशे अकरा ते दोनशे सव्वीस.

पडद्यावर शेजारच्या नऊ नंबरच्या काठाला नंबर होते सत्त्याऐंशी ते नव्याण्णव.

पुन्हा वाचलं. चष्मा पुसून वाचलं. पट्ट्याची लांबी आख्ख्या इमारतीएवढी, आणि दोन कोपरे सोडले तर कुठं चिकटलेला नाही. जयगडची चूक, तीच, माझ्याच हातची. तिनं आणखी दहा मिनिटं वाचलं असतं तर तिथंच पकडली असती. सव्वासहा वाजले होते. सातला ओतणार.

साहेबांना फोन लावला.

"काका? काय झालं? कोण आहे ना बरोबर?"

"साहेब, चौदाचा काठ सुटलाय. ओतू नका."

ते मुलाशी बोलतात तसं म्हणाले, "काका, तुम्ही झोपलात का रात्री? मी तपासलंय सगळं. भार बरोबर आहे, दाब बरोबर आहे. आज तुम्ही घरी राहा. मी आठला पोचतोय साइटवर, बघतो."

"आठला काय बघणार? तोवर बुडालं असेल."

"काका, प्लीज." फोन ठेवला. त्यांचं चुकलं नाही. माझी बायको कालच गेली होती, मी वेडा झालो असंच कोणालाही वाटलं असतं. मला स्वतःला पण एकदा वाटलं. बसून राहिलो असतो तर कोणी बोट दाखवलं नसतं. तडा आज गेला नसता, पाच वर्षांनी गेला असता, सात मजल्यांवर माणसं राहायला आल्यावर. मग मी आणखी एक रस्ता सोडला असता. पण आता लांबून चालायला बरोबर कोण येणार होतं?

जावयाला म्हटलं, रिक्षा बघ. अक्का दारात आडवी झाली. मंगल म्हणाली, "आत्या, जाऊ दे त्यांना. आईचं काम राहिलंय ते." पोरीनं एवढंच म्हटलंन आणि समईपाशी जाऊन बसली.

पायात चपला नाहीत, खांद्यावर पंचा, हातात तो कागद. साइटवर पोचलो तेव्हा पंपाची नळी खड्ड्यावर आली होती, मिक्सरची गाडी मागं मागं येत होती. सळयांच्या जाळीला हळदकुंकू लागलेलं, नारळ फोडलेला.

बाळा मुकादम धावत आला. "काका? तुम्ही? अहो, काकू कालच..."

"थांबव."

"काय थांबवू?"

"गाडी थांबव. चौदाच्या काठाला सळई कमी आहे."

"साहेबांचा फोन आलाय मला, म्हणाले काका आले तर घरी पाठव. काका, नारळ फोडलाय! गाडीतला माल दीड तासात ओतायला लागतो, नायतर ड्रमात दगड होईल. चला, मी सोडतो घरी."

मी खड्ड्यात उतरलो. सळ्या सकाळच्या दवानं थंड होत्या, तळव्यांना टोचत होत्या. मोजत मोजत गेलो आणि चौदा नंबरच्या काठावर, बरोबर त्या रेघेवर, जाळीवर मांडी घालून बसलो.

बाळा वरून ओरडला, "अरे, उचला रे म्हाताऱ्याला कोणीतरी! दोघं जा!"

दोघं पोरगे उतरले. गावाकडचेच होते. हात पुढे केले तेव्हा मी म्हटलं, "शिवताय मला? शिवा. काल अग्नी दिलाय मी. सकाळची आंघोळ पण झाली नाय."

त्यांचे हात तसेच राहिले. एकानं दुसऱ्याकडे बघितलं. दुसरा म्हणाला, "मुकादम, सुतक हाय त्यांना."

"मग?"

"मग तुम्ही उचला."

बाळा खाली उतरला. माझ्यापासून तीन हातांवर उभा राहिला. सकाळीच नारळ फोडलेला माणूस तो. शिव्या घातल्यान, हात जोडलेन, पुन्हा शिव्या घातल्यान. पण पुढे आला नाही. आयुष्यभर मला कोणी जाळीवरून उठ म्हटलं की मी उठलो होतो. तेविसाव्या वर्षी सुद्धा उठलो होतो. त्या दिवशी माझ्या अंगाला हात लावायला कोणी तयार नव्हतं, ती सोय सुलोचनानं करून ठेवली होती.

बसल्या बसल्या मनात यायला लागलं. मीच चुकलेला असलो तर? डोळ्यांनी दगा दिला असला तर? आख्ख्या रत्नागिरीत झालं असतं, दत्ताराम बायकोच्या चितेवरून उठला नि खड्ड्यात जाऊन बसला. वर मिक्सरचा ड्रम फिरत होता, घरघर, घरघर. माल आत घट्ट होत होता.

साडेसातला साहेबांची गाडी आली. बाळानं बोलावलं असणार. ते खड्ड्याच्या काठावर उभे राहून बघत राहिले, रागावले नाहीत. "काका, वर या. आपण बघू."

"तुम्ही बघा. मी इथंच."

त्यांनी गाडीच्या बॉनेटवर मशीन उघडलं. मी खालून कागदावरचे नंबर ओरडून वाचले. "चौदा. काठ. दोनशे अकरा ते दोनशे सव्वीस!" पुन्हा वाचलं. मग त्यांचा आवाज आला, बारीक. "नऊचा काठ सत्त्याऐंशी ते नव्याण्णव."

त्यानंतर वीसेक मिनिटं ते मशीनवर होते. जाळ्या एका मापाच्या केल्या, गाठी जोडल्या, हिशेब परत चालवला. मी वर त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. तोंडावरचा रंग गेला तेव्हा मला कळलं की पडद्यावर लाल आला.

ते बाळाला म्हणाले, "गाडी परत पाठव. आडव्या सळ्या वाढवायच्या आहेत, सगळ्या काठाला. परवा ओतू."

बाळानं विचारलंन, "चूक कोणाची पण?"

साहेब म्हणाले, "सही माझी आहे."

मी म्हटलं, "माझी. न वाचता पाठवली मी."

वर आलो. साहेबांना म्हटलं, तीन टिका राहिल्यात, वाचा. त्यांनी वाचलं, बारा आणि तेरा, मग नवे नंबर घेऊन चौदा. मी पडद्यावरून बोललो. पेन्सिल बरोबर घेतली नव्हती. त्यांनी खिशातलं निळं पेन दिलंन. कागदावर अकरा टिका लाल आहेत, तीन निळ्या. कागद माझ्याकडे आहे.

घरी आलो तेव्हा अक्कानं दारातच पाणी दिलंन, तोंड फिरवून. आंघोळ करून मी मंगलजवळ बसलो. समई जळत होती. म्हटलं, "मंगल, ती काल मला म्हणाली होती हात जड झालाय. मी म्हटलं वाच."

ती वातीकडे बघत म्हणाली, "माझ्याकडे पण दोनदा म्हणाली बाबा. मी म्हटलं, तेल चोळ."

मी समईची वात पुढे सारली.

ओटीवर साटाची अकरा ताटं होती. शेजाऱ्यांनी आदल्या संध्याकाळी अंगणातून उचलून तिथं ठेवलेली. मी एक एक उचलायला लागलो तशी अक्का म्हणाली, "ते आता टाकायचं. सुतकातलं कोण खाणार?"

"मी खाईन."

अजून ओलं होतं. ती बघायची तसं बोटानं दाबत कडेनं बघत गेलो, कुठं सुटलंय काय. मग ताटं उन्हात मांडली आणि तिची काठी घेऊन कावळे हाकत बसलो.